पाण्याखालचा पाऊण तास

देवळात गाभाऱ्यासमोर हात जोडून उभ्या असलेल्या भाविकाचे अर्धे चित्त बाहेर काढून ठेवलेल्या चपलांत असते, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. काही चतुर मंडळी एक चप्पल एका कोपऱ्यात आणि दुसरी दुसऱ्या कोपऱ्यात ठेवून निर्धास्तपणे दर्शनाला जातात. कॅरिबियन समुद्रातील बोनेर या बेटावर पाण्याखालची प्रवाळसृष्टी पाहण्यासाठी जाणाऱ्या प्रवाशाची अवस्था या भाविकाहून फारशी निराळी नसते. त्याच्या बाबतीत चपलांबरोबर चष्मा, औषधे, पाकीट आणि फोनही बाहेर राहिलेला असतो. शिवाय मनात शंका आली म्हणून त्याला मध्येच उठून बाहेर धाव घेता येत नाही.

आमची कन्या व जावई नोकरीनिमित्त हॉलंडमध्ये असतात. दोघांनाही समुद्रात डुबकी मारण्याचा नाद. त्यांच्या आग्रहावरून २०२४ च्या आरंभी सौ. व मी त्यांच्याबरोबर आठ दिवस बोनेरला गेलो. पाण्याशी माझा संबंध अंघोळीपुरताच असल्याने रोज सकाळी ती दोघे पाण्यात उतरली की गाडीशेजारी घडीची खुर्ची टाकून बसणे, हे काम आपसूकच माझ्याकडे आले. ‘बाबा म्हणजे आमचे कुलूप,’ असे कन्या म्हणाली. त्या कुलपाला मिळालेल्या फावल्या वेळातील निरीक्षणे मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहून काढीत आहे.

बोनेर हे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळचे जेमतेम २८८ चौरस किलोमीटरचे कोरडे, खडकाळ बेट. निवडुंग, मोकाट गाढवे, रोहित पक्षी आणि दक्षिणेकडे मिठागरांचे पांढरेशुभ्र ढीग. १० ऑक्टोबर २०१० पासून ते नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. चलन मात्र अमेरिकन डॉलर आणि घराघरांतली भाषा पापियामेंतु. त्याचे खरे वैभव पाण्याखाली आहे. पश्चिमेकडील शांत किनाऱ्याला प्रवाळाची रांग इतकी लगटून आहे, की होडीची गरजच पडत नाही. किनाऱ्यावरून चार पावले चालावे, थोडे पोहावे आणि खाली उतरावे. प्रवासी भाड्याने पिकअप गाडी घेतात, मागच्या हौद्यात टाक्या रचतात आणि रस्त्याकडेच्या पिवळ्या रंगवलेल्या दगडांवरील नावे वाचीत हवे तिथे थांबतात. त्या टाक्यांत प्राणवायू असतो असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. असते ती बहुधा साधी, दाबाखाली भरलेली हवा. अशी नावनिशीची साठाहून अधिक ठिकाणे आहेत. त्यांतले अतिशय गाजलेले एक म्हणजे १९८४ साली गांजाची चोरटी वाहतूक करताना सापडलेल्या आणि नंतर धक्क्यापासून दूर नेल्यावर बुडालेल्या ‘हिल्मा हुकर’ या मालवाहू जहाजाचा सांगाडा. एका गुन्ह्याचे अवशेष पाहायला माणसे हौसेने खाली जातात, आणि तेवढ्यात वर दुसरा किरकोळ गुन्हा उरकला जाण्याची शक्यता असते!

या चोरीला मोकळी वाट करून देतात ते पाण्याखालच्या सुरक्षिततेचे नियमच. एकट्याने पाण्यात उतरू नये, हा पहिला नियम. म्हणून जोडीतले दोघेही गाडी सोडून जातात. डुबकी साधारण पाऊण ते एक तासाची. वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा अधिक वेग नको आणि पृष्ठभागापासून पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, कारण रक्तात व ऊतींत विरघळलेल्या नायट्रोजनला बुडबुडे न होता बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. निर्मनुष्य रस्त्यावर, पिवळ्या दगडाशेजारी, हौद्यात दोन टाक्यांची जागा रिकामी असलेली गाडी उभी दिसली, की तिच्यावर जणू पाटीच लागलेली असते: ‘मालक पाऊण तास येणार नाहीत.’ कोणत्याही शहरातल्या घरफोड्याला इतकी खात्रीची माहिती मिळत नाही.

किल्लीचा प्रश्न वेगळाच. साधी लोखंडी किल्ली खिशात घालून पाण्यात नेता येते; इलेक्ट्रॉनिक किल्लीला खारे पाणी सोसत नाही. मग ती चाकावर, दगडाखाली, झुडपात लपविली जाते, आणि लपविण्याच्या या चार जागा लपविणाऱ्याइतक्याच दुसऱ्यालाही ठाऊक असतात. म्हणून गाड्या भाड्याने देणारे अनेक वर्षे एक अजब सल्ला देत आले आहेत: गाडीत काहीही ठेवू नका, काचा खाली करा, दारे उघडी ठेवा. चोर आलाच तर निदान काच तरी फुटणार नाही! या सल्ल्यातला व्यवहार मला पटतो, पण त्याची इतक्या सहजपणे सवय झालेली पाहून नवल वाटते. आजार बरा होणार नाही हे गृहीत धरून रुग्णाला त्याच्याबरोबर जगायला शिकविण्यातलाच हा प्रकार.

आमच्या मुक्कामाच्या चौथ्या दिवशी दक्षिणेकडच्या एका ठिकाणी आम्ही पोहोचलो तेव्हा आधीच उभ्या असलेल्या गाडीतून कापडी पिशवी गेलेली होती. तिचे मालक, सत्तरीकडे झुकलेले एक डच दांपत्य, थोड्या वेळाने पाण्यातून बाहेर आले. पिशवीत दोन पंचे, पाण्याची बाटली, काही डॉलर आणि त्या गृहस्थांचा चष्मा होता. पाण्याखाली घालायच्या मुखवट्यात त्यांनी नंबरची काच बसवून घेतलेली. त्यामुळे समुद्राच्या तळाशी त्यांना मासे स्वच्छ दिसत होते आणि बाहेर आल्यावर रस्ता दिसत नव्हता. बाईंना ती मोठी गाडी चालविण्याचा धीर होईना. शेवटी आमच्या जावयांनी ती त्यांच्या निवासापर्यंत नेऊन दिली. गाडी देणाऱ्या कचेरीतल्या तरुणाने हकीकत ऐकून विचारले, ‘फक्त चष्माच ना?’ त्याच्या स्वरात कुचेष्टा नव्हती. काच फुटली नाही याचा निखळ दिलासा होता.

हा ‘फक्त’ माझ्या मनात राहिला. चोराच्या लेखी पिशवीची किंमत तिच्यातल्या नोटांइतकी. उरलेले तो वाटेत टाकून देतो. पण मधुमेही माणसाला पाण्यातून बाहेर येताच रक्तशर्करा पाहण्याचे यंत्र आणि गोड काहीतरी जवळ लागते. दम्याच्या रुग्णाचा फवारा, हृदयरोग्याच्या गोळ्या, सारे त्याच पिशवीत. हल्ली दहा वर्षांच्या मुलांनाही डुबकीचे प्राथमिक प्रशिक्षण मिळते, त्यामुळे कुटुंबेच्या कुटुंबे येतात. ज्या मुलाला शेंगदाण्याची वा कीटकदंशाची तीव्र ॲलर्जी आहे त्याचे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन आईच्या पर्समध्ये असते. ती पर्स गेल्याचे कळेपर्यंत कदाचित काही बिघडणार नाही, कदाचित बिघडेलही. बालरोगतज्ज्ञाला अशा ‘कदाचित’ची भीती वाटते. एखाद्या छोट्या बेटावर ते इंजेक्शन तासाभरात पुन्हा मिळेल, असे समजून चालता येत नाही. आणि जो पाण्याखाली असतानाच गाडीच्या काळजीने अस्वस्थ आहे, त्याने घाईत वर येऊ नये असे सांगणे सोपे आहे.

या चोऱ्यांची नोंद का होत नाही, हे समजायला आपल्याला फार सायास पडू नयेत. सौम्य आजाराचे रुग्ण दवाखान्यात येतच नाहीत, म्हणून सरकारी तक्त्यात तो आजार नसतोच. हे आपण नोकरीत असताना पाहिले आहे. प्रवासी सात-आठ दिवसांसाठी आलेला असतो. पोलीस ठाणे क्रालेंडाइकमध्ये; तिथे गेले तर अर्धा दिवस मोडतो. विमा कंपनी पोलिसांचा कागद मागते खरी, पण उघड्या वाहनात बेवारस ठेवलेल्या वस्तूंची भरपाई बहुतेक विमापत्रांत वगळलेली असते. मग कागद मिळवून उपयोग काय? चोर सापडलाच तर वस्तू ओळखायला आणि साक्ष द्यायला फिर्यादी हजारो मैल दूर गेलेला. विमानात बसण्यापूर्वी १८ ते २४ तास डुबकी मारायची नसते, म्हणून शेवटचा दिवस प्रत्येकाचा मोकळाच असतो. तो पोलिसांसाठी ठेवावा असे मी त्या डच गृहस्थांना सुचवून पाहिले. ‘तो दिवस आम्ही रोहित पक्ष्यांसाठी राखून ठेवला आहे,’ ते म्हणाले. त्यांना दोष कसा द्यावा?

नोंद नाही, म्हणून आकडा नाही. आकडा नाही, म्हणून त्या रस्त्यांवर गस्त वाढविण्याचे कारण नाही. सारा भार अखेर प्रवाशाच्या दक्षतेवर. जुलाबाने सुकलेले मूल घेऊन आलेल्या आईला आपण ‘पाणी उकळून का दिले नाही?’ असे विचारतो आणि गटाराला लागून गेलेल्या फुटक्या नळाविषयी कोणालाच काही विचारीत नाही, त्याची मला इथे आठवण झाली. पाणी उकळावे हे खरेच. पण नळही कोणाच्या तरी अखत्यारीत असतो.

चोर कोण, याविषयी बेटावर प्रत्येकाचे ठाम मत आहे आणि ही मते एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी बाहेरून आलेल्यांकडे बोट दाखवितो, कोणी व्यसनी पोरांकडे. मी त्यात पडलो नाही. काही गोष्टी मात्र डोळ्यांना दिसतात. २०११ मध्ये सोळा हजारांच्या आत असलेली लोकसंख्या आता पंचवीस हजारांच्या पुढे गेली आहे. जवळजवळ सगळे अन्नधान्य बाहेरून येते, किराणा महाग, घरभाडी चढलेली. डच सरकारने नेमलेल्या समितीने २०२३ साली तेथील किमान जीवनखर्चाचा हिशेब मांडला, तेव्हा पुष्कळ कुटुंबांची मिळकत त्याला पुरत नसल्याचे दिसून आले. दारिद्र्यातून चोरी होते असे सरसकट सूत्र मात्र मी मांडणार नाही. तो त्या बेटावरील असंख्य गरीब व प्रामाणिक माणसांवर अन्याय होईल. आमच्या खोलीची साफसफाई करणाऱ्या बाईंनी सौ.ची उशीखाली राहिलेली कुडी आपणहून आणून दिली होती.

मला अधिक विचारात पाडले ते याच बेटाच्या दुसऱ्या बाजूने. पाण्याखालची मालमत्ता कशी राखावी हे बोनेरने जगाला दाखवून दिले आहे. भाल्याने मासे मारण्यावर १९७१ साली बंदी आली. १९७९ मध्ये भरतीच्या रेषेपासून साठ मीटर खोलीपर्यंतचा समुद्र संरक्षित झाला. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाकडून निसर्गशुल्क घेतात, पहिल्या डुबकीपूर्वी नियम समजावून सांगतात. प्रवाळाला हात लावण्याचा मोह होऊ नये म्हणून हातमोजेही घालू देत नाहीत. एक शिंपलासुद्धा उचलून नेता येत नाही, आणि माणसे ते पाळतात. भरतीच्या रेषेखाली असे कडक राज्य, आणि तिच्या वर वीस पावलांवर उघड्या दारांची गाडी.

आपल्याकडे अंदमानातील स्वराजद्वीपला किंवा तारकर्लीला हा प्रश्न या स्वरूपात फारसा जाणवत नाही. याचे कारण तेथील माणसे अधिक सज्जन आहेत असे मानण्याची मला घाई नाही. तिथे बहुधा होडीतून जावे लागते; सामान केंद्रावर किंवा होडीवर राहते आणि त्यापाशी कोणीतरी असते. बोनेरला स्वतःच्या मर्जीने, कोणाच्याही सोबतीशिवाय कुठेही उतरण्याचे जे स्वातंत्र्य आहे तेच मुळी तिथले आकर्षण, आणि त्याचीच ही किंमत. काही वर्दळीच्या ठिकाणी एखादा राखणदार किंवा कुलपाचे खण ठेवले तर ते स्वातंत्र्य फारसे उणावेल असे मला वाटत नाही. निसर्गशुल्क आनंदाने भरणारा प्रवासी त्यासाठीही चार डॉलर देईल.

आपल्या मंडळातील कोणी तिकडे गेलेच, तर पारपत्र आणि दुसरा चष्मा निवासावरच ठेवावा. औषधे दोन भागांत विभागून एक भाग खोलीवर ठेवावा, चिठ्ठीची प्रतही तिथेच. मुलाचे तातडीचे इंजेक्शन ज्याच्याजवळ असेल त्याने त्या दिवशी पाण्यात उतरू नये, काठावर बसावे. घडीची खुर्ची तिथे भाड्याने मिळते.