लूट बोरांची, जीव बाळाचा

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या पांढरकवड्यात लहान मुलांची भरदिवसा ‘लूट’ होते. पुण्या-मुंबईकडे यालाच बोरन्हाण म्हणतात. काळं झबलं, हलव्याचे दागिने अशा थाटात बाळराजांना पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, मुरमुरे, रेवड्या, शेंगा, उसाचे करवे ओतायचे. गल्लीतली पोरं लुटायला तुटून पडतात. राजेसाहेब मात्र हाताला लागेल ते थेट तोंडात घालतात.

त्यात त्यांचा दोष नाही. सात-आठ महिन्यांचं बाळ जग ओळखतं ते तोंडानेच. पण दाढा यायला वर्ष उलटावं लागतं, त्यामुळे शेंगदाणा चावता येत नाही. श्वासनलिका जेमतेम त्याच्या करंगळीएवढी. रडताना किंवा हसताना श्वास आत ओढला, की दाणा अन्ननलिकेऐवजी तिकडे जाऊ शकतो.

बोरं बाधू नयेत म्हणून ही लूट, असं आजी सांगते. बोरात क जीवनसत्त्व असतं हे खरं, पण ते डोक्यावर ओतून अंगात जात नाही! म्हणून आमच्या घरी यंदा तह झाला. राजांच्या टोपरीवर फक्त झेंडूच्या पाकळ्या पडल्या. बोरं-शेंगांचं सूप पोरांसाठी अंगणात रिकामं झालं. एका मावशीला फोटोतून सुट्टी देऊन फक्त बाळाच्या हातांवर पहारा ठेवायला सांगितलं. शेवटी घर झाडून घेतलं, कारण रांगणाऱ्याला पलंगाखालचं बोर दुसऱ्या दिवशीही सापडतं. हलव्याचे दागिने फोटो होताच उतरवले. सणाचं बोट म्हणून मध चाटवायचा नाही. वर्षाच्या आत त्यातून बोटुलिझमचा धोका असतो.

तरीही घशात काही अडकलंच तर? बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वर्षाआतल्या बाळाला डोकं खाली ठेवून हातावर पालथं घ्या आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने 5 थापा मारा. मग उताणं करून छातीच्या मधोमध 5 वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करा. दुसऱ्याला 108 लावायला सांगा. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नका, ती आणखी आत सरकते. ठसका थांबल्यावरही खोकला किंवा छातीतली शिटी राहिली तर डॉक्टरांना दाखवाच. दाणा फुफ्फुसाच्या वाटेत अडकलेला असू शकतो.

बोरं पोरांनी लुटावीत, कौतुक बाळाने. सण दोघांचाही होतो.