पेपर मेला, नाव चोरलं!

जासईत साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची नाहीतर नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव देण्याची बातमी मोबाइलवर आली, की चहा उकळायच्या आत गावभर होते. वर एखाद्या पेपरचं भारदस्त नाव असलं तर शंका घेतो कोण? म्हणूनच मँचेस्टरचा हा किस्सा इथे सांगायचा.

आर्चिबाल्ड प्रेंटिस यांनी १८२८ मध्ये ‘मँचेस्टर टाइम्स’ काढला. परदेशी धान्यावरच्या करामुळे गरिबाची भाकरी महागली होती. तो कर उठवा म्हणून हा पेपर हिरिरीने भांडला. १९२२ मध्ये तो बंद पडला. आणि २०१९ मध्ये त्याच नावाची वेबसाइट सापडली! पेपरचा इतिहास विकिपीडियावरून उचललेला, फक्त तो बंद पडल्याचा उल्लेख तेवढा गाळलेला.

ही लबाडी पकडली ब्रसेल्सच्या ‘ईयू डिसइन्फोलॅब’ या संस्थेने. अशा २६५ साइट, ६५हून जास्त देशांत! धागेदोरे दिल्लीच्या श्रीवास्तव समूहापर्यंत जातात, असं त्यांच्या अहवालात आहे. इकडच्या तिकडच्या बातम्यांनी पान भरायचं आणि मधे पाकिस्तानविरोधी मजकूर पेरायचा, ही रीत. पुढच्याच वर्षीच्या अहवालात बनावट माध्यमांचा आकडा ७५० वर गेला.

माणसांची नावंही सुटली नाहीत. कायदेपंडित लुई सोन २००६ मध्ये वारले. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत त्यांची हजेरी लागलेली!

नाव पुन्हा वापरणं नेहमीच वाईट नसतं. १८३८ चा ‘बॉम्बे टाइम्स’ १८६१ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झाला आणि जुनं नाव पुढे त्याच घरच्या पुरवणीला मिळालं. पण फिरोजशहा मेहतांनी १९१३ मध्ये काढलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चं नाव उद्या कुणी असं पळवलं तर? त्याचे संपादक हॉर्निमन यांना इंग्रजांनी १९१९ मध्ये हद्दपार केलं होतं. अशी किंमत मोजून कमावलेलं नाव लुटणं हा गुन्हाच मानला पाहिजे.

छापील पेपरवर मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव असावंच लागतं; मुद्रक-प्रकाशकाच्या नावाची सक्ती तर १८६७ च्या कायद्यापासूनची. वेबसाइटवरही संपादक कोण, पत्ता कुठला, हे आधी शोधा. सापडलं नाही, तर ती बातमी गावच्या ग्रुपवर टाकू नका.