पऱ्हाटी लाल होते तेव्हा

दिवाळीच्या सुमारास करंजीहून वणीकडे जाताना मारेगावच्या आसपासची पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेते पाहावीत. पहिली वेचणी लागलेली असते, बोंडे उमललेली असतात आणि त्यांच्या मागे पाने तांबडी-जांभळी पडू लागलेली असतात. गाडीतून जाणाऱ्याला ते देखणे वाटते. धुऱ्यावर उभा असलेला शेतकरी मात्र ‘लाल्या आला’ एवढेच म्हणतो. तेवढेच तो कृषी केंद्रात जाऊन सांगतो आणि बाटली घेऊन परततो. डॉक्टरकडे जाऊन नुसते ‘ताप आहे’ म्हणावे आणि त्याने नाडीही न बघता गोळ्या बांधून द्याव्यात, तसा हा व्यवहार आहे.

पान लाल का होते? हरितद्रव्य कमी झाले की अँथोसायनिन हे तांबडे रंगद्रव्य वरचढ होते, म्हणून. हरितद्रव्य कमी होण्याची कारणे मात्र वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. खरी परीक्षा इथेच आहे. पान तोडून बाटलीवाल्याला दाखवायच्या आधी ते झाडावर कुठे होते, हे पाहायला हवे.

लाली खालच्या जुन्या पानांपासून वर चढत असेल, तर संशय नत्रावर किंवा मॅग्नेशियमवर घ्यावा. ही दोन्ही द्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला आणि बोंडांना पुरवते. शिरा हिरव्या आणि मधला भाग लाल असेल तर मॅग्नेशियम कमी पडले आहे. सगळे पान आधी फिके पडून मग लालसर झाले असेल तर नत्र. याउलट शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडते आहे. चुनखडीच्या रानात हे नेहमीचेच. झाडाच्या आत लोह फारसे हलत नाही, म्हणून त्याची उणीव वर दिसते. खालचे पान की वरचे, एवढा एक प्रश्न विचारला तरी निम्मे निदान होते.

संकरित कपाशीत ही लाली जास्त का, याचे उत्तर बोंडांत आहे. थोड्या दिवसांत खूप बोंडे लागतात आणि ती भरताना पानांतले नत्र ओढून घेतात. कोरडवाहू रानात सप्टेंबरानंतर ओल हटली, तर जमिनीत खत असूनही मुळांना ते उचलता येत नाही. भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबले तरी गत तीच, कारण मुळांना हवा मिळत नाही. त्यात रात्री गार पडू लागल्या की लाली वाढते. अशा वेळी पाते-बोंडे लागताना दोन टक्के डीएपी किंवा युरिया आणि एक टक्का मॅग्नेशियम सल्फेट यांची फवारणी कामाची. कीटकनाशकाचा इथे काडीचाही उपयोग नाही.

आता पान उलटून बघू. कडा खाली मुडपलेल्या, आधी पिवळ्या आणि मग लाल, आणि मागच्या बाजूला तिरकी पळणारी पोपटी पिले दिसली, तर ते तुडतुडे. पानामागे सरासरी दोन तुडतुडे आढळले की फवारणीचा विचार करावा, त्याआधी नाही. कडा वर वळलेल्या आणि मागे चांदीसारखी चमक असेल तर फुलकिडे. पान चिकट लागले आणि त्यावर काळी बुरशी चढली असेल तर मावा किंवा पांढरी माशी. वणीच्या खाणपट्ट्यालगतच्या रस्त्यांकडेला पानांवर कोळशाची धूळही बसते. ती बोटाने पुसली जाते. चिकटा बोटाला लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दवात पानामागे दह्याचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो दहिया. ती बुरशी आहे, तिला बुरशीनाशकच लागते.

दोन गोष्टी या यादीत हमखास सुटतात. एक आकस्मिक मर. लांब उघाडीनंतर जोराचा पाऊस पडला किंवा ओलीत केले, की बोंडांनी लदलेले झाड दीड-दोन दिवसांत मान टाकते. ही ना कीड ना रोग. कोबाल्ट क्लोराइड लिटरला दहा मिलिग्रॅम या प्रमाणात एक-दोन दिवसांच्या आत फवारले, तर बरीच झाडे उठतात. दुसरी गोष्ट म्हणजे पाने बोटांसारखी लांब, चिरलेली होणे. लोक त्याला विषाणूचा रोग समजतात. बहुतेकदा तो टू-फोर-डी या तणनाशकाचा परिणाम असतो. शेजारच्या रानातून वाऱ्याने आलेला, नाहीतर नीट न धुतलेल्या स्वतःच्याच पंपातला. कपाशी या औषधाला फार हळवी आहे.

तुडतुड्यांचा इतिहास तर वाणांच्या इतिहासात गुंतलेला आहे. पानावर दाट लव असली की तुडतुड्याला अंडी घालायला जड जाते. देशी कपाशी त्याला बऱ्यापैकी तोंड देते. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि 2006 मध्ये दोन जनुकांची बीटी आली. बोंडअळीच्या धास्तीत लोकांनी लव बघणे सोडले. कमी लवेचे कित्येक संकर बाजारात खपले. बियाण्याला इमिडाक्लोप्रिडचा लेप असतो. तो पहिला महिना-सव्वा महिना सांभाळतो, पण मध्य भारतातले तुडतुडे त्याला सरावले आहेत. लव फार दाट झाली तर पांढरी माशी खूश होते, ही गंमतही लक्षात ठेवावी. सगळ्या दारांना एकच कुलूप लागत नाही, हे अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था वर्षानुवर्षे सांगत आली आहेत.

चुकीचे निदान म्हणजे नुसते वाया गेलेले पैसे नव्हेत. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस माणसे गेली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाली. त्यांत शेतमजूर बरेच होते. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली होती, त्यामुळे फवारा तोंडावर, डोळ्यांवर येत होता. तीन-तीन औषधांची मिश्रणे पंपात जात होती. बाटलीवरचा लाल त्रिकोण वाचणारे कोणी नव्हते. त्यानंतर राज्य सरकारने काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली, हातमोजे आणि मास्कही वाटले. सप्टेंबरच्या दमट उन्हात ते मास्क किती वेळ तोंडावर राहतात, हे ज्याने पाठीवर पंप घेतला त्यालाच विचारावे. माझ्या मते अनावश्यक फवारणी टळणे हेच खरे संरक्षण आहे, आणि ते पान नीट बघण्यातून येते.

2009 पासून राज्याचा क्रॉपसॅप हा कीड-सर्वेक्षण उपक्रम गावोगावची निरीक्षणे नोंदवतो. फोटो पाहून निदान करणारी अॅपही आली आहेत. फोटोत मात्र पानाची एकच बाजू दिसते. ते पान झाडाच्या कितव्या फांदीवरचे, लाली शेतभर सारखी की सखल कोपऱ्यातच, मागच्या पंधरवड्यात पाऊस किती झाला, हे विचारणारे माणूसच लागते. सखल भागातच लाली असेल तर पाणी. ठिपक्या-ठिपक्यांनी पसरत असेल तर कीड. शेतभर एकदम आली असेल तर अन्नद्रव्य किंवा थंडी.

आणि हा अंक हाती पडेल त्या दिवसांपुरते एक सांगून ठेवतो. बोंडे भरून कडक झाली असतील, पहिली वेचणी झाली असेल, तर आता लाल झालेल्या पानांवर काहीही मारू नका. ती पाने आपले काम करून चुकली आहेत. तो पैसा माती परीक्षणाला ठेवा, आणि पुढच्या मृगाआधी बियाणे घेताना दुकानदाराला बोंडाचे वजन विचारण्याआधी पानावर लव किती, ते विचारा.