विजेरीची पारख

एल्ईडी विजेरीच्या वेष्टणावरील 'ल्युमेन'चा आंकडा पाहून भुलणारे गृहस्थ आम्हांस नेहमीं भेटतात. ल्युमेन म्हणजे दिव्यांतून निघणाऱ्या एकंदर प्रकाशाचें माप. झोत किती दूर जाईल, हें त्यावरून कळत नाहीं. त्यासाठीं 'कँडेला' पाहावा. त्याच्या वर्गमुळाची दुप्पट म्हणजे मीटरांतील पल्ला: १०,००० कँडेलास २०० मीटर. पल्ला दुप्पट हवा तर कँडेला चौपट लागतात. आणि त्या टोकाशीं उरतो अवघा पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड!

हौशी मंडळी मूळचा डायोड काढून, रंग यथार्थ दाखविणारा दुसरा बसवितात. आम्हींहि तो उद्योग केला. पहिल्या खेपेस डायोडच्या पट्टीखालीं उष्णतावाहक लेप लावण्याचें विसरलों. डायोड तापून जळाला. दुसऱ्या खेपेस साधलें. उजेड थोडा घटला; परंतु पूर्वीच्या निळसर प्रकाशांत वाळक्या पानांत मिसळून जाणारें फुरसें आतां निराळें ओळखूं येतें. पावसाळ्यांत परसांत जाणाऱ्या घरांतील बायकांमुलांसाठीं आम्हांस एवढें पुरे.

एक भय मात्र आहे. १८ मिलीमीटर जाड व ६५ मिलीमीटर लांब अशा लिथियम घटाचें सारें धातूचें अंग ऋण ध्रुवच असतें. वरचें पातळ वेष्टण फाटलेला घट खिशांत किल्ल्यांशेजारीं कदापि ठेवूं नये. आमच्या घरीं तो मुलांच्या हातींहि देत नाहींत.