रुळाचे पोलाद भार कसे पचवते?

भारतीय रेल्वेच्या रुळांचे आणि चाकांचे पोलाद कोणत्या प्रतीचे, किती कठीण आणि कोणत्या घडणीचे असावे, याची मानके लखनौच्या मानकनगर भागातील ‘आरडीएसओ’ ही १९५७ मध्ये स्थापन झालेली संशोधन संस्था ठरवते. या कामाच्या मुळाशी एक अवघड प्रश्न आहे. मालगाडीच्या वाघिणीचा आसभार, म्हणजे एका आसाच्या दोन चाकांवर मिळून येणारे वजन, सर्वसाधारणपणे २२.९ टनांपर्यंत असतो. त्यातील निम्मा भार प्रत्येक चाक रुळाच्या माथ्यावरील सुमारे एक चौरस सेंटिमीटर जागेतून खाली उतरवते, आणि तेथील दाब हजार मेगापास्कलच्या घरात जातो. रूढ ‘८८०’ प्रतीचे पोलाद साध्या ताणाखाली याच्या निम्म्याच्या आसपास कायमचे विरूप होऊ लागते, तरीही रूळ वर्षानुवर्षे टिकतो.

याचे एक कारण असे की दाबलेल्या भागाला सभोवतालचे पोलाद चहूबाजूंनी आवळून धरते, त्यामुळे धातूचे थर एकमेकांवरून सरकवणारे कर्तन-प्रतिबल तेवढेच घातक उरते आणि तेही पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरवर सर्वाधिक असते. दुसरे कारण अधिक विलक्षण आहे. सुरुवातीच्या फेऱ्यांत तेथील धातू किंचित सरकतो, त्या सरकण्याने कठीण होतो आणि आत दाबाचे अवशिष्ट प्रतिबल साठवतो. पुढे तोच भार आला तरी रूळ स्थितिस्थापक राहून पूर्ववत होतो. ‘शेकडाउन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्थितीचा सिद्धान्त मेलान यांनी १९३८ मध्ये मांडला आणि केंब्रिजच्या के. एल. जॉन्सन यांनी तो लोळणाऱ्या चाकांना लावला.

मात्र या समतोलाला मर्यादा आहे, आणि ती केवळ वजनाने नव्हे, तर घर्षणानेही ओलांडली जाते. घर्षण गुणांक ०.३ च्या वर गेला की कमाल कर्तन पृष्ठभागावर येते, प्रत्येक चाक धातूला त्याच दिशेने कणभर पुढे ढकलते, आणि ‘रॅचेटिंग’ नावाच्या या साचत जाणाऱ्या विरूपणाने पोलादाची लवचीकता संपून बारीक भेगा पडतात. इंग्लंडमधील हॅटफील्ड येथे १७ ऑक्टोबर २००० रोजी वळणावरचा रूळ अशाच भेगांमुळे तुटला आणि ४ प्रवासी मृत्यू पावले.

माथा कठीण केलेले रूळ हा यावरचा उपाय आहे खरा. पण कमी झिजणाऱ्या रुळावर कोवळ्या भेगा झिजून नाहीशा होत नाहीत, तर खोल जाऊ शकतात. म्हणून वळणांवरचे वंगण आणि यंत्राने वेळेवर केलेले रुळांचे ग्राइंडिंग ही दुय्यम देखभाल मानणे चूक ठरेल. कठीण पोलादावर केलेला खर्च त्यांच्याशिवाय अपुराच राहतो.