जिमखान्याच्या मैदानातून कायदेमंडळाच्या दारापर्यंत

डोंबिवलीहून सुटलेली लोकल ठाणे मागे टाकून मुंबईत शिरली, की परळ आणि भायखळा ही स्टेशने लागतात. डब्यात एका पायावर उभे असलेल्या आम्हां नोकरदारांना बाहेर बघायची उसंत कुठली! पण या दोन स्टेशनांवर मला १९३७ ची निवडणूक हटकून आठवते. भायखळा-परळ मतदारसंघातून मुंबई कायदेमंडळासाठी एकीकडे उभे होते बॅरिस्टर डॉ. आंबेडकर, आणि त्यांच्याविरुद्ध काँग्रेसचे बाळू पालवणकर. होय, वाचकहो, क्रिकेटवाले बाळू!

अमेरिकेत बायरन व्हाइट नावाचा पगारी फुटबॉलपटू कायदा शिकला आणि १९६२ साली थेट सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. बाळूंना शाळेचेच दार नीट उघडले नव्हते, मग लॉ कॉलेज कुठले?

चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखी आणि नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करी. ग्रेग नावाचा साहेब म्हणे आपल्याला बाद केल्याबद्दल दर खेपेला आठ आणे देई. बॅट मात्र बाळूच्या हाती कोणी दिली नाही. पुढे साहेबांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू मंडळींनी त्याला संघात घेतले. मैदानात चेंडू सगळ्यांच्या हातून फिरे, त्याला विटाळ नव्हता! चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हिलियनबाहेर मातीच्या बोळक्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळाले.

तरुणपणी आंबेडकरांना बाळूंचा केवढा अभिमान! त्यांच्या सत्कारात त्यांनी पुढाकार घेतला होता. वाटा फुटल्या त्या १९३२ साली, स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर. आंबेडकरांना ते हवे होते, बाळू संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे. शेवटी पुणे करारावर दोघांच्याही सह्या झाल्या, पण मन जुळले नाही ते नाहीच.

पाच वर्षांनी दोघे समोरासमोर आले. बाळू साठीच्या घरात होते. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. दोन हजारांचा फरक! कायद्याचा एवढा मोठा पंडित समोर असताना ही मते थोडी म्हणता येत नाहीत. बाळूंना कुणी काँग्रेसच्या हातचे बाहुले म्हणतात, ते मला पटत नाही. ज्याने सोबत खेळून एकेक पायरी जिंकली, त्याला सोबत राहूनच पुढे जाता येईल असे वाटले तर नवल काय? तरी मतदारांनी बॅरिस्टर निवडला, यात मला त्यांचा शहाणपणा दिसतो. टाळ्या वाजवणारेच बोळके पुढे करीत होते, हे त्यांना ठाऊक होते.

अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा १ जून १९५५ रोजी अमलात आला. त्यानंतर महिनाभराने, ४ जुलैला, बाळू वारले.