पोलिसांची तक्रार कुणाकडे?

शिरूर किंवा दौंडच्या ठाण्यात फिर्याद घेतली नाही, की लोक आधी ओळखीचा पुढारी गाठतात. कायद्याची वाट वेगळी आहे. दोन्ही ठाणी पुणे ग्रामीणची; अधीक्षकांचं कार्यालय पुण्यात, पाषाण रस्त्यावर. त्यांना लेखी तक्रार टपालानंही पाठवता येते. तिथंही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकारी. दौंडच्या फलाटावरची चोरी मात्र लोहमार्ग पोलिसांकडे; इथं अनेकांची गफलत होते.

मारहाण, खंडणी, बेकायदा अटक असा आरोप खुद्द पोलिसांवर असेल, तर? प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली स्वतंत्र तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितलं. महाराष्ट्रानं कायदा केला २०१४ मध्ये. विभागीय प्राधिकरणाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. वरिष्ठ निरीक्षकापर्यंतच्या तक्रारी त्यांच्याकडे, त्यावरच्या राज्य प्राधिकरणाकडे. सदस्यांत नागरी समाजातली व्यक्ती असते, तसा माजी पोलीस अधिकारीही. म्हणजे देखरेख निव्वळ नागरिकांची नव्हेच.

नागरिक आणि पोलीस एकत्र बसतात ती शांतता समिती हे याहून वेगळं प्रकरण. गणपतीच्या तोंडावर ठाण्यात बैठक भरते, चहा फिरतो, विसर्जनाचा मार्ग आणि डॉल्बीचा आवाज ठरतो. ठाण्याच्या वागणुकीचा विषय तिथं सहसा कुणी काढत नाही, आणि साहेब समोर बसलेले असताना काढणार तरी कोण?